पिल्लू दाखवता, पण त्याची आई कुठाय?

मे महिन्याची सुट्टी लागली, की घराघरांतून एक ठरलेली भुणभुण सुरू होते. "आई, कुत्रा आणू या ना!" वर्षभर शाळा, क्लास, परीक्षा म्हणून दाबून ठेवलेली ही हौस सुट्टीत उफाळून वर येते. दोन दिवस आपण कानाआड करतो. तिसऱ्या दिवशी मुलांचे वडील मुलांच्या बाजूला जाऊन बसतात. (त्यांचं काय जातं म्हणा! पहाटे साडेपाचला फिरवायला आणि रात्री ओकारी पुसायला शेवटी आपणच.) आणि चौथ्या दिवशी मोबाइलवर फोटो यायला लागतात. टोपलीत बसवलेली, गळ्यात लाल फीत बांधलेली लॅब्रॅडॉरची गोजिरवाणी पिल्लं. खाली लिहिलेलं असतं, 'शुद्ध जात, पेपरसह. पेपर नको असल्यास स्वस्त.'

या 'पेपर'चं मला पहिल्यापासून कुतूहल. रेशनकार्ड, सातबारा, गुणपत्रिका हे कागद आपल्या ओळखीचे. कुत्र्याचा कागद म्हणजे काय? तो कोण देतं? आणि त्याच्यापायी जास्तीचे पैसे मोजले, तर आपल्या पदरात नक्की पडतं काय? आमच्या घरी कुत्रा आणायचा विषय निघाला, तेव्हा मी आधी याचीच चौकशी करायची असं ठरवलं. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दोन ब्रीडरांची घरं पाहून आले. त्यातून जे हाती लागलं, ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवते.

कुत्र्यांचे तीर्थोपाध्याय

त्र्यंबकेश्वरला गेलं, की तिथले उपाध्याय जाडजूड वही काढतात आणि आपल्या आजेसासऱ्यांचं नाव, गाव, ते कधी येऊन गेले, सगळं दाखवतात. केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या बाबतीत असंच काहीसं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. पॉइंटर आणि सेटर, अशा दोनच शिकारी जाती त्यात होत्या. मग प्रदर्शनांचं पेवच फुटलं. कोणता कुत्रा कोणाचा, कोणाच्या पोटचा, याचा घोळ व्हायला लागला, तेव्हा १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांची वंशावळीची पहिली वही छापून निघाली.

आपल्याकडे हे काम केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. त्याची कचेरी चेन्नईला आहे. नर आणि मादी दोघांची नोंद झालेली असली, तर त्यांच्या वेताची माहिती ब्रीडर क्लबला कळवतो आणि प्रत्येक पिल्लाला दाखला मिळतो. नाव, नंबर, जन्मतारीख, रंग, मायक्रोचिपचा क्रमांक आणि वरच्या काही पिढ्यांची नावं. झालं! 'पेपर' म्हणतात तो एवढाच.

याशिवाय एकेका जातीचे वेगळे क्लब असतात. केनेल क्लब सगळ्यांची वही सांभाळतो. जातीचा क्लब एकाच जातीचा विचार करतो. तिची उंची किती असावी, स्वभाव कसा असावा, कोणता दोष खपवून घेऊ नये, वीण घेण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात, हे त्याने सांगायचं असतं. लग्न जुळवताना आपण नुसतं गोत्र आणि पत्रिका पाहून थांबतो का? घराण्यात काही दुखणं आहे का, हे कोणीतरी मावशी हळूच काढून आणतेच. जातीच्या क्लबाने त्या मावशीचं काम करायचं. कुठे तो ते करतो, कुठे करत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. कारण उपाध्यायांच्या वहीत पणजोबांचं नाव सापडतं, पणजोबांचा मधुमेह सापडत नाही.

राजाचं दुखणं

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींकडे राजा नावाचा लॅब्रॅडॉर आहे. शहरातल्या एका दुकानातून आणलेला, पेपरसह. आला तेव्हा नुसता लोण्याचा गोळा. आळीतली सगळी पोरं वहिनींच्या ओसरीवर. सातव्या महिन्यात तो जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा उड्या मारायला लागला. मुलांना त्याची गंमत वाटली. मग फिरायला नेलं की रस्त्यातच बसायचा. बसला की उठताना कण्हायचा. शेवटी शहरात नेऊन एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की त्याचे दोन्ही खुबे बिघडलेले आहेत.

शाळेत शास्त्राच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' असतो ना, तोच हा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत नीट बसायला हवा. ही वाटी उथळ राहिली, की गोळा हलतो, घासतो, आणि वर्ष-दीड वर्षाच्या कुत्र्याला साठीतल्या माणसाचा संधिवात जडतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या अंगाच्या जातींत हे दुखणं बरंच दिसतं आणि ते बऱ्याच अंशी रक्तातून येतं. पिल्लाला भरमसाट खायला घालून झटपट वाढवलं, गुळगुळीत फरशीवर घसरू दिलं, तर ते आणखी बळावतं.

डॉक्टरांनी वहिनींना पहिला प्रश्न विचारला, "याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे झाले होते का?" वहिनींनी दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आई कुठली ते आम्हाला काय माहीत, बाई? माल बाहेरून येतो."

माल! हा शब्द मी वहिनींच्या तोंडून ऐकला, तेव्हा अंगावर काटा आला. आज राजा चार वर्षांचा आहे. वजन वाढू द्यायचं नाही, घरभर जाजमं अंथरायची, थंडीत दुखणं वाढलं की गोळ्या, आणि जिना उतरवताना पोटाखालून टॉवेल घालून त्याचा मागचा भार आपण उचलायचा. हे सगळं त्या माउली विनातक्रार करतात. भावोजी म्हणाले होते, "देऊन टाकू कुणाला तरी." त्यावर वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता हा एक्स-रे काही अद्भुत गोष्ट नाही. अमेरिकेत अशा एक्स-रेंची नोंद ठेवणारी संस्था १९६६ पासून काम करते आहे. आईबाप दोघांचे खुबे चांगले असले, तरी एखादं पिल्लू सदोष निघू शकतं, कारण हा दोष एका गुणसूत्रावरच्या एका ठिपक्याचा नाही, अनेकांचा मिळून आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या खुब्यांचेच नर-मादी निवडत गेलं, तर दुखणं हटत जातं. एवढं करायला कोणीतरी आग्रह धरायला हवा, इतकंच.

क्लब तारतो, क्लब अडवतोही

असा आग्रह धरणाऱ्या क्लबाचं ठळक उदाहरण जर्मनीतलं. आपण ज्याला वर्षानुवर्षं अल्सेशियन म्हणत आलो, त्या जर्मन शेफर्डचा क्लब १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या कॅप्टनने काढला. त्याला प्रदर्शनात एक मेंढरं राखणारा कुत्रा दिसला, तो त्याने विकत घेतला, आणि 'होरांड' नावाने क्लबाच्या वहीत त्याची पहिली नोंद झाली. कुत्रा कामाचा हवा, नुसता दिसायला नको, हा या कॅप्टनचा हट्ट. त्यामुळे तिथे वीण घ्यायची तर कुत्र्याची परीक्षा द्यावी लागते. त्यात सायकलबरोबर वीस किलोमीटर धावायचंसुद्धा असतं! खुब्याच्या एक्स-रेचा शिक्का वंशावळीच्या दाखल्यावर उमटवायला या क्लबाने १९६७ पासून सुरुवात केली.

पण म्हणून तिथेही सगळं आलबेल राहिलं असं नाही. प्रदर्शनातल्या बक्षिसांच्या नादी लागून याच जातीची पाठ मागे इतकी उतरती करत नेली, की २०१६ मध्ये इंग्लंडच्या 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या एका कुत्रीची चाल पाहून लोकांनी गहजब केला.

आणि क्लब अडून बसला तर काय होतं, ते डाल्मेशियनच्या कथेत दिसतं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा मुलांना सिनेमामुळे चांगला ठाऊक आहे. या जातीत एक गुपित होतं. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिड पुढे मोडलं जातं. डाल्मेशियनच्या शरीरात ते तसंच राहून लघवीतून बाहेर पडतं. त्याचे खडे होतात, आणि नरांमध्ये ते अडकून जीवावर बेततं. हा दोष झाडून साऱ्या शुद्ध डाल्मेशियनांत होता. म्हणजे जातीतल्या जातीत कितीही निवडून जोड्या लावल्या, तरी निरोगी गुण आणणार कुठून? घरात मीठच नसेल, तर डबे बदलून भाजी खारट होत नाही.

अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट शायबल हे आनुवंशशास्त्रज्ञ. त्यांनी १९७३ मध्ये एक सरळ उपाय केला. एकदाच, फक्त एकदाच, डाल्मेशियनचा पॉइंटरशी संबंध घडवला आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत निरोगी पिल्लं निवडून त्यांचे संबंध पुन्हा डाल्मेशियनशीच लावले. गणित सोपं आहे. पहिल्या पिढीत पॉइंटरचं रक्त निम्मं, दुसरीत पाव, तिसरीत अर्धपाव. सातव्या पिढीला शंभरात एक हिस्साही उरत नाही. ठिपके तेच, डौल तोच, फक्त खडे नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. लगेच डाल्मेशियनवाल्यांमध्ये वादळ उठलं. आमचं रक्त बाटलं! नोंदी थांबल्या. मधल्या काळात, २००८ मध्ये, हा दोष कोणत्या जनुकात आहे ते शास्त्रज्ञांनी शोधून दाखवलं. इंग्लंडच्या क्लबने २०१० मध्ये फियोना नावाच्या अशा एका कुत्रीची नोंद केली, तीही पुष्कळ आरडाओरडा होऊन. अमेरिकन क्लबने दार उघडलं २०११ मध्ये. मधली तीस वर्षं किती मुके जीव तळमळले असतील, त्याचा हिशेब कोण देणार? रक्त बाटण्याची ही भीती वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. पण तो विषय वेगळा, आणि इथे जागा थोडी.

इंग्लंडच्या क्लबला जाग यायला आणखी एक कारण घडलं. बीबीसीने २००८ मध्ये शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या दुखण्यांवर एक माहितीपट दाखवला. भाऊ-बहीण, बाप-लेक असे संबंध लावून पिल्लं काढायची आणि वर त्यांची अभिमानाने नोंद करायची, हा प्रकार लोकांनी घरबसल्या पाहिला. पुढच्या वर्षी क्लबने अशा जवळच्या नात्यातल्या पिल्लांची नोंद बंद केली. सगोत्र टाळा असं सांगायला आपल्या आज्यांना माहितीपट लागला नव्हता!

आपल्याकडे पगची लाट आली ती २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर. ते चपटं नाक गोड दिसतं खरं, पण त्या नाकातून श्वास पुरत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी असा कुत्रा घोरत, धापा टाकत पडलेला पाहिला, की त्याची कीव येते. हॉलंडमध्ये नाकाची लांबी ठरावीक प्रमाणापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांची वीण काढायला सरकारनेच बंदी केली आहे.

बाळंतिणीचा कायदा

या सगळ्यात मला सर्वांत जास्त कळवळा येतो तो पिल्लाच्या आईचा. आपण पिल्लू पाहतो, कुरवाळतो, पैसे देतो. आई आपल्याला कोणी दाखवत नाही. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांत विते. म्हणजे ज्याला नुसता पैसा काढायचा आहे, त्याने तिला पिंजऱ्यात ठेवून प्रत्येक माजाला नर दाखवला, तर ती वर्षात दोन बाळंतपणं करेल. अंगावरची पिल्लं सुटत नाहीत तोच पुन्हा दिवस. आपल्यापैकी ज्यांनी पाठोपाठची बाळंतपणं काढली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे नियम केले आहेत, ते आपल्याला फारसे ठाऊक नसतात. ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्रीची वीण घ्यायची नाही. वर्षातून एकच वेत, आणि सगळ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि त्याला मायक्रोचिप बसवलेली हवी. नियम चांगले आहेत. पण टोपलीतल्या पिल्लाचा फोटो पाहून आपण पत्ता न विचारता पैसे पाठवले, तर नियम बिचारे कागदावरच राहणार.

आठ आठवड्यांचं बंधन तर फार महत्त्वाचं. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लू शिकतं की किती जोरात चावायचं आणि कधी थांबायचं. पाच आठवड्यांत तोडून आणलेलं पिल्लू लहानपणी गोड दिसतं आणि पुढे घरच्यांनाच चावतं. पुष्कळदा 'दोन महिन्यांचं' म्हणून दिलेलं पिल्लू तेवढं नसतं. डॉक्टर दात पाहून सांगू शकतात.

आपल्या मातीतला कुत्रा

शुद्ध जात म्हटली की आपल्याला परदेशी नावंच आठवतात. पण दख्खनच्या पठारावर आपला कारवान आहे ना! उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा, सशामागे वाऱ्यासारखा धावणारा. मुधोळच्या घोरपडे राजांनी या कुत्र्याची जोपासना केली. मालोजीराजांनी एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली होती. त्यामुळे त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. केनेल क्लबच्या वहीत तो 'कॅरॅव्हॅन हाउंड' आहे. २००५ मध्ये त्याच्यावर टपालाचं तिकीट निघालं, २०१६ मध्ये सैन्याच्या मेरठच्या केंद्रात त्याची पिल्लं शिकायला गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला याच जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे.

या कुत्र्याला शतकानुशतकं कोणाचा पेपर नव्हता. वही होती ती शेतकऱ्या-मेंढपाळांच्या डोक्यात. ज्याचा कुत्रा धावला, टिकला, त्याचीच पिल्लं लोक मागून नेत. आता त्याला भाव आला आहे, आणि भाव आला की टोपल्यांतले फोटोही येणारच. त्याची वही नीट ठेवायची वेळ हीच आहे. आणि ती ठेवताना डाल्मेशियनवाल्यांसारखं दार लावून बसायचं नाही, हेही आत्ताच ठरलेलं बरं. मात्र कारवान पाहून भुललात तरी दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये त्याला आणू नका. त्याला रोज मोकळं रान लागतं, आणि शेजारणीच्या मांजरीची हमी कोणी देऊ शकत नाही.

आणि हौस कुत्र्याची असेल, जातीची नसेल, तर आळीतल्या गावठी कुत्रीचं पिल्लू घ्यावं. त्याला आपलं हवामान मानवतं, कागद लागत नाही, आणि आई तर रोज दारात दिसतेच.

काकूंची उलटतपासणी

आमच्याकडे लॅब्रॅडॉरच हवा असा मुलांचा हट्ट होता. डॉक्टरांनी दोन तासांवरच्या गावातल्या एका बाईंचं नाव सुचवलं. पन्नाशीच्या, नऊवारी नसली तरी त्याच थाटाच्या काकू. मी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते, पण त्यांनीच मला उभं-आडवं घेतलं. दुपारी घरी कोण असतं? तुम्ही शाळेत गेलात तर सासूबाई पाहतील का, की नुसतं 'हो' म्हणाल्यात? घर स्वतःचं की भाड्याचं? दिवाळीत फटाके वाजले की त्याला कुठे ठेवाल? मी मनात म्हटलं, मुलगी पाहायला आलेय की दाखवायला!

मग त्यांनी फाइल काढली. आईबापांचे दाखले, दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे, डोळ्यांच्या तपासणीचा कागद, मंडळाच्या नोंदणीची प्रत. पिल्लांची आई स्वतःच येऊन माझ्या पायाशी बसली. अंगावर मांस, डोळ्यांत तेज, माणसाची भीती नाही. हे तिचं तिसरं वेत. "आता हिचं बस," काकू म्हणाल्या. "ऑपरेशन करून घेणार. राहील इथेच, जाते कुठे?" बाप त्यांचा नव्हता, दुसऱ्या गावचा होता, नात्यातला नको म्हणून मुद्दाम शोधलेला.

किंमत दुकानापेक्षा पाच हजारांनी जास्त होती. मी घासाघीस करायला गेले, तेव्हा त्यांनी वही उघडून खर्च दाखवला. तपासण्या, खाणं, लसी, जंतांचं औषध, आणि मागच्या वेताला रात्री दोन वाजता करावं लागलेलं सिझेरियन. मी गप्प बसले. शिवाय पिल्लू लगेच मिळालं नाही ते नाहीच. त्या वेताची सगळी आधीच ठरलेली होती. दुसऱ्या कुत्रीचं वेत होईपर्यंत आम्ही सात महिने थांबलो. एका कागदावर त्यांनी लिहून घेतलं, की काही कारणाने सांभाळणं झालं नाही तर पिल्लू परत त्यांच्याकडेच आणून द्यायचं, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही.

याच्या उलट ज्याच्याकडे कधीही, कोणत्याही जातीचं पिल्लू तयार असतं, जो 'ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवतो' म्हणतो, आईला पाहायचं म्हटलं की 'ती गावाला आहे' सांगतो, आणि 'पेपर मागाहून येईल' म्हणून पैसे आधी मागतो, त्याच्या दारातून सरळ परत फिरावं. मुलं रडतील. रडू द्यावं, आठ दिवसांत विसरतात.

पिल्लू घरी आणलं की दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. पहिली लस कधी झाली त्याची तारीख ब्रीडरकडून लिहून आणावी, म्हणजे पुढच्या लसींचं वेळापत्रक लागतं. दाखला यायला थोडा वेळ लागतो. आल्यावर तो कपाटात ठेवायच्या आधी दवाखान्यात न्यावा. तिथल्या यंत्राने चिपचा नंबर वाचता येतो. तो दाखल्यावरच्या नंबराशी आकडा अन् आकडा जुळवून पाहावा. जुळला नाही, तर हा कागद दुसऱ्याच पिल्लाचा आहे असं समजावं, आणि ब्रीडरशी वाद घालत न बसता केनेल क्लबला दाखल्याच्या प्रतीसह लेखी कळवावं.